ताम्हिणीचे पाणी आणि मुंबईची वीज

औद्योगिक प्रदेश म्हटला की शाळेच्या भूगोलातून एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आकाशात घुसलेली धुराडी, काळवंडलेल्या भिंती, खाणींच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मालगाड्या आणि रात्रंदिवस धगधगणाऱ्या भट्ट्या, हे ते चित्र होय. रशियातील उरल पर्वताचा प्रदेश हे याचे ठळक उदाहरण. तेथे मॅग्निटनाया नावाचा एक डोंगरच लोहखनिजाचा होता. १९२९ साली त्याच्या पायथ्याशी मॅग्निटोगोर्स्क हे पोलादाचे शहर वसविण्यास आरंभ झाला आणि १९३२ साली तेथील पहिल्या भट्टीतून लोखंड वाहू लागले. परंतु लोखंड वितळविण्यास लागणारा कोळसा त्या डोंगरात नव्हता. तो सुमारे दोन हजार किलोमीटरांवरील कुझ्नेत्स्कच्या खाणींतून आगगाडीने आणावा लागे. यावरून एवढे ध्यानात येते की, एखाद्या प्रदेशाची कारखानदारी समजून घ्यावयाची तर तेथे कोणता माल निघतो एवढे पाहून भागत नाही. त्या मालास लागणारी शक्ती कोठून येते आणि तिची किंमत कोण देतो, हेही पाहावे लागते.

हीच कसोटी महाराष्ट्राला लावली असता दृष्टी एका अनपेक्षित ठिकाणी जाऊन पोचते. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी काठावर, ताम्हिणी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे धुराडे नाही, खाण नाही, आगगाडीही नाही. पावसाळ्यात धुके, हिवाळ्यात रान आणि उन्हाळ्यात करवंदाच्या जाळ्या एवढेच तेथे दिसावयाचे. असे असूनही विसाव्या शतकात मुंबईच्या कारखानदारीस जी शक्ती मिळाली तिचा एक मोठा झरा याच डोंगररांगेत आहे. ताम्हिणीचा परिसर हा धुराड्यांवाचून उभा असलेला औद्योगिक प्रदेशच आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रथम या भूमीची घडण पाहू. पुण्याहून पश्चिमेस निघालेला रस्ता पौडवरून मुळशीच्या जलाशयाच्या काठाकाठाने जातो आणि सुमारे साठ किलोमीटरांवर ताम्हिणीस पोचतो. तेथून पुढे तो घाट उतरून विळे, निजामपूर या वाटेने माणगावकडे कोकणात जातो. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे; खालचे कोकण शंभर मीटरांच्याही आत आहे. म्हणजे काही थोड्या किलोमीटरांच्या अंतरात भूमी पाचशे मीटर खाली कोसळते. ही भूमी काळ्या बेसाल्ट खडकाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे लोटांमागून लोट बाहेर आले आणि थरावर थर चढून दख्खनचे पठार बनले. सह्याद्रीच्या कड्यांवर जे आडवे पट्टे दिसतात ते याच थरांचे होत. पावसाळ्यात प्रत्येक पट्ट्यावरून पाणी उडी घेते. म्हणून या घाटात एकेका कड्यावर धबधब्यांची रांगच लागलेली दिसते.

आता पावसाचा विचार. अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा बाष्पाने जड झालेला असतो. कोकणची चिंचोळी पट्टी ओलांडली की त्याच्यापुढे सह्याद्रीची भिंत उभी राहते. वाऱ्यास वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. वर चढताना हवा विरळ होत जाते, विरळ होताना थंड होते, आणि थंड हवेत बाष्प राहू शकत नाही. ते पाण्याच्या रूपाने खाली येते. घाटमाथ्यावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणे ही नवलाची गोष्ट नाही. २०२४ च्या जुलै महिन्यात तर ताम्हिणीस चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरांहून अधिक पावसाची नोंद झाली. माथा ओलांडून पूर्वेकडे उतरणाऱ्या वाऱ्याची स्थिती मात्र उलट होते. तो उबदार होऊ लागतो आणि त्याचे दान आखडते. साठ किलोमीटरांवरील पुणे शहरास वर्षभरात जेमतेम सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस मिळतो. म्हणजे पुण्यास सबंध वर्षात जेवढे पाणी मिळते त्याच्या पाऊणपट पाणी ताम्हिणीवर एका अहोरात्रीत पडू शकते. अतिवृष्टी आणि अवर्षण यांच्यामध्ये येथे एका सकाळच्या प्रवासाएवढेच अंतर आहे.

या पाण्याची निसर्गाने केलेली वाटणी मोठी विलक्षण आहे. घाटमाथ्याच्या धारेवर पडलेला थेंब पश्चिमेस घरंगळला तर तो कुंडलिका नदीस मिळतो आणि थोडक्याच प्रवासानंतर रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रास जातो. तोच थेंब पूर्वेस वळला तर त्याच्या नशिबी फार लांबची यात्रा येते. मुळा आणि निळा या दोन नद्यांचे पाणी मुळशीस एकत्र होते. तेथून मुळा पुण्यास येते, मुठेला मिळते. मुळा-मुठा भीमेस मिळते. भीमा सोलापूर जिल्ह्यातून वाहत जाऊन कृष्णेस मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. समुद्र इतका जवळ असताना पाण्याने अख्खे द्वीपकल्प ओलांडून दुसऱ्या समुद्रास जावे, ही सह्याद्रीच्या रचनेची करामत आहे. या करामतीमुळेच देशावरील लक्षावधी लोकांना पाणी मिळाले.

अशा पावसात जे रान वाढावयाचे ते दाट व सदाहरित असावयाचे. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा यांची झाडी, झाडांवर चढलेले प्रचंड वेल आणि उतारांवर कारवीचे रान असे या वनाचे स्वरूप आहे. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. मग डोंगरच्या डोंगर जांभळे होतात आणि मधमाश्यांची चंगळ उडते. पिंपरीपासून भिऱ्याकडे उतरणारी एक वाट इतक्या गर्द झाडीतून जाते की तिला अंधारबन असेच नाव पडले आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू येथे झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारीत हिंडतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर शीळकरी कस्तुराची शीळ ओढ्याकाठी ऐकू येते. गावोगावच्या देवराया हे या वनाचे सर्वांत जुने अवशेष होत. देवाच्या नावाने राखलेल्या या झाडीत कुऱ्हाड चालवावयाची नाही हा दंडक लोकांनी पिढ्यानुपिढ्या पाळला. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ग्रामीण श्रद्धेने केवढा वनस्पतिसंग्रह सांभाळला आहे हे विद्वज्जगतास कळून आले.

या भूमीवर राहणारा माणूस म्हणजे मावळा. त्याच्याबरोबर महादेव कोळी, कातकरी आणि गवळी धनगर यांचीही वस्ती डोंगरात आहे. खोऱ्याच्या तळाशी भातखाचरे, वरच्या उतारावर नाचणी आणि वरी, थोडी खुरासणी, गोठ्यात चार गुरे, आणि रानातून हिरडा, मध, करवंदे हा या लोकांचा परंपरागत चरितार्थ. भाताचे रोप तयार करण्यापूर्वी पालापाचोळा व शेण पसरून राब भाजावयाचा, आषाढात इरली घेऊन आवणी करावयाची आणि दिवाळीच्या सुमारास कापणी, असे येथील कामाचे वर्ष असते. मावळ-मुळशीचा आंबेमोहोर तांदूळ आपल्या सुवासासाठी प्रसिद्ध आहे. या सर्व शेतीत खोऱ्याच्या तळाची खाचरे हीच काय ती खरी दौलत. डोंगर कितीही मोठा असला तरी भात पिकते ते सपाट, गाळाच्या जमिनीत. आणि अशी जमीन डोंगराळ मुलखात फार थोडी असते. पुढे जो संघर्ष झाला तो समजण्यास ही एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

आता दृष्टी मुंबईकडे वळवू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई ही कापडगिरण्यांची नगरी झाली होती. परंतु या गिरण्यांची यंत्रे वाफेवर चालत, आणि वाफेस लागणारा कोळसा मुंबईच्या जवळपास कोठेही नव्हता. तो बंगाल-बिहारच्या खाणींतून किंवा समुद्रपार देशांतून आणावा लागे. कापूस जवळ, मजूर जवळ, बंदर दाराशी. आणि शक्ती मात्र हजारो किलोमीटर दूर. मॅग्निटोगोर्स्कपुढे पुढे जी अडचण आली तीच मुंबईपुढे त्याआधीच उभी होती. रशियाने तिचे उत्तर आगगाडीने दिले; मुंबईने ते पावसाने दिले.

फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी आरिस्तिद बर्झेस या कारखानदाराने १८६९ साली उंचावरून पडणाऱ्या पाण्यावर यंत्रे चालवून दाखविली होती आणि पुढे त्या पाण्यास ‘पांढरा कोळसा’ हे नाव रूढ केले. सह्याद्रीत हा पांढरा कोळसा दरवर्षी आभाळातून पडत होता. जमशेटजी टाटा यांनी ही कल्पना मनी धरली. परंतु १९०४ साली ते निवर्तले. त्यांच्या मागून दोराबजी टाटा यांच्या नेतृत्वाखाली १९१० साली पहिली जलविद्युत कंपनी स्थापन झाली. लोणावळ्याजवळच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. आंध्रा खोऱ्यातील पाण्यावर भिवपुरीचे वीजघर १९२२ साली आले. आणि मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले. या तिन्हींत भिऱ्याचे सर्वांत मोठे.

मुळशीच्या योजनेची युक्ती अशी. मुळा नदीवर सुमारे ४९ मीटर उंच आणि दीड किलोमीटरांहून अधिक लांब असे दगडी धरण घातले. त्यामागे खोऱ्याच्या शाखाशाखांतून जलाशय पसरला. नदी पूर्वेस वाहणारी. पण तिचे साठलेले पाणी जलाशयाच्या पश्चिम टोकाशी बोगद्यात घेतले, तेथून ते डोंगराच्या कडेपर्यंत नेले आणि पोलादी नळांतून खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडले. ही उतरण सुमारे पाचशे मीटरांची आहे. इतक्या उंचीवरून आलेले पाणी नळाच्या निमुळत्या तोंडातून बाहेर पडते तेव्हा त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरांहून अधिक असतो. ही धार चाकाच्या परिघावर बसविलेल्या वाट्यांवर आदळते आणि चाक फिरू लागते. चाकाबरोबर विद्युत्‌जनित्र फिरते.

येथे थोडे गणित करून पाहिल्यास पुढचा विचार सोपा होईल. एक घनमीटर पाणी म्हणजे एक हजार लिटर. ते पाचशे मीटर खाली आणले असता यंत्रातील घट वजा जाऊन एक युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते. धरणातून उगीच खालच्या नदीपात्रात सोडले असते तर याच पाण्यापासून त्याच्या दहावा भागही मिळाला नसता. उंची हीच येथील खाण आहे; पाणी हे केवळ ती उंची वाहून आणणारे वाहन. आणि ही उंची पश्चिमेकडे होती, पूर्वेकडे नव्हती. म्हणूनच नदीचे तोंड फिरविण्यात आले. बंगालच्या उपसागरास जाणारे पाणी अरबी समुद्राकडे वळले, आणि ते केवळ विजेसाठी वळले.

हे ज्या खोऱ्यात घडावयाचे होते तेथे माणसे राहत होती. पन्नासाच्या आसपास गावे आणि सुमारे अकरा हजार माणसे धरणाच्या छायेत येत होती. कंपनीची माणसे पूर्वसूचना न देता शेतांत चाचणीचे खड्डे खणू लागली, तेव्हा मावळ्यांना प्रथम ही वार्ता कळली. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याने सरकारने कंपनीसाठी जमीन घेण्याचे योजिले. त्या कायद्याप्रमाणे मोबदला मिळावयाचा. पण जमीन देणे न देणे हे मालकाच्या हाती नव्हते.

१९२१ च्या रामनवमीस, म्हणजे १६ एप्रिल रोजी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. पारनेरचे हे विद्वान गृहस्थ विलायतेस यंत्रशास्त्र शिकावयास गेले आणि क्रांतिकार्यात पडून परत आले होते. मुळशीच्या या लढ्याने त्यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळवून दिली. वि. म. भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्याबरोबर होते. बायकापोरांसह मावळे धरणाच्या पायावर जाऊन बसले आणि काम थांबले. पहिल्या जोरात काही काळ तहकुबी मिळाली. नंतर काम पुन्हा सुरू झाले. मग अटका, तुरुंगवास आणि पुन्हा सत्याग्रह असे चक्र तीन वर्षे फिरत राहिले. १९२४ च्या अखेरीस बापटांनी कामगारांना नेणारी आगगाडी बळाने अडविली आणि त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा तेथेच संपला. धरण पुरे झाले, पाणी चढले, आणि खोऱ्याच्या तळाची खाचरे बुडाली. अभ्यासकांनी या लढ्यास जगातील पहिला संघटित धरणविरोधी लढा म्हटले आहे.

या पराभवाची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. एक तर कायदा सर्वस्वी दुसऱ्या बाजूस होता. दुसरे, खोऱ्यातील पुष्कळ जमिनी सावकारांकडे अडकलेल्या होत्या. ज्याच्या नावावर जमीन त्यास मोबदल्याचे पैसे मिळाले तर हवेच होते, आणि जो ती कसत होता त्यास मात्र पैशापेक्षा जमीन हवी होती. खाचराच्या मोबदल्यात मिळालेले रुपये दोन-तीन वर्षांत संपतात, खाचर मात्र नातवंडांनाही पुरते, हे मावळ्यास कोणी शिकवावे लागले नाही. तिसरे कारण अधिक खोल आहे. धरणाच्या बाजूनेही सत्य होतेच. मुंबईची गिरणी चालणे, कोळशाचा धूर कमी होणे, परदेशी मालाशी टक्कर देणारा देशी उद्योग उभा राहणे या गोष्टी त्या काळच्या सुशिक्षितांस देशहिताच्याच वाटत. एका देशहिताने दुसऱ्या देशहितास बुडविले, असा हा प्रसंग होता. म्हणूनच पुण्यामुंबईच्या पांढरपेशा समाजात त्याविषयी एकमत होऊ शकले नाही.

भिऱ्याच्या विजेने काय केले हेही निःपक्षपणे सांगितले पाहिजे. गिरण्यांची वाफेची यंत्रे मागे पडली. मुंबईत विजेचे दिवे, ट्राम आणि विजेच्या आगगाड्या यांचे युग आले. १९५६ साली तुर्भे येथे औष्णिक वीजघर सुरू होईपर्यंत मुंबईचा मुख्य भार या डोंगरी पाण्यावरच होता. पुढे शहराची गरज इतकी वाढली की भिऱ्याचा वाटा अल्प ठरला. १९८२ च्या संपानंतर गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या. तथापि पाण्याच्या विजेचा एक गुण कोळशाच्या विजेत नाही. कोळशाची भट्टी तापण्यास कित्येक तास लागतात. पाण्याची झडप उघडली की काही मिनिटांत चाक फिरू लागते. म्हणून संध्याकाळी सर्व घरांत एकदम दिवे लागतात त्या वेळेस भिऱ्याची वीज कामास येते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज एकाएकी गेली, तेव्हा शहरास पुन्हा उजेडात आणण्याच्या कामी या जुन्या वीजघरांचा उपयोग झाला. आज भिऱ्याच्या मूळ वीजघराची शक्ती १५० मेगावॉट आहे. तेथे पुढे आणखी १५० मेगावॉटांचे एक यंत्र बसविले. ते मागणी मंद असताना खालचे पाणी पुन्हा वर चढविते आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली घेऊन वीज करते.

वीजघरातून बाहेर पडलेले पाणी वाया जात नाही. ते कुंडलिकेत मिळते. तेथे त्यावर आणखी एक सरकारी वीजघर चालते; पुढे कोलाडजवळ डोलवहाळचा बंधारा त्यास अडवितो आणि रोह्याच्या बाजूची शेती व कारखाने यांना ते मिळते. उन्हाळ्यातही कुंडलिका वाहती राहते ती मुळशीच्या कृपेने. सकाळी वीजघरातून पाणी सुटले की कोलाडच्या परिसरात हवेच्या नावा पाण्यात उतरतात आणि त्यावर पुष्कळ तरुणांचे पोट चालते. घाटाच्या पायथ्याशी विळे-भागाड येथे औद्योगिक वसाहत झाली असून दक्षिण कोरियातील पोस्को कंपनीचा पोलादी पत्र्यांचा मोठा कारखाना तेथे आहे. उलट बाजूस, याच मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाशी हिंजवडीची संगणकनगरी आणि पिरंगुटचे कारखाने उभे आहेत. ताम्हिणीचा घाटरस्ता हा या दोन टोकांमधला दुवा. तालुक्याच्या एका अंगास पोलाद, दुसऱ्या अंगास संगणक आणि मधोमध पाऊस, असे हे चित्र आहे.

आणि येथेच आजचा कठीण प्रश्न उभा राहतो. मुळशीचे धरण बांधले तेव्हा पुणे लहान होते आणि त्यास पाण्याची ददात नव्हती. आज पुणे, पिंपरी-चिंचवड आणि हिंजवडी यांची तहान वर्षावर्षाला वाढते आहे. भीमेच्या खालच्या अंगास सोलापूरचा मुलूख तर कायमचा दुष्काळी. त्यामुळे पश्चिमेकडे वळविलेले पाणी पुन्हा पूर्वेस द्यावे अशी मागणी वारंवार पुढे येते. कृष्णेच्या पाण्याचा तंटा सोडविणाऱ्या बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निर्णयात या योजनांनी कृष्णा खोऱ्याबाहेर न्यावयाच्या पाण्यास मर्यादा घातली. कोणत्याही एका वर्षी साडेचोपन्न अब्ज घनफूट आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट, याहून अधिक पाणी नेता येत नाही. मर्यादा ठरली, पण त्या मर्यादेच्या आतील पाणी तरी कोणाचे, हा वाद मिटला नाही.

मागे केलेले गणित येथे पुन्हा उपयोगी पडते. एक घनमीटर पाणी पश्चिमेस सोडले तर एका युनिटाहून थोडी अधिक वीज होते. एका घरातील पंखा रात्रभर, फार तर दोन रात्री चालेल एवढी. तेच पाणी पूर्वेस गेले तर शहरी माणसास दररोज १३५ लिटर या प्रमाणाने सात माणसांची एका दिवसाची गरज भागते. वीज सूर्यापासून, वाऱ्यापासून किंवा कोळशापासूनही करता येते. पिण्याचे पाणी दुसऱ्या कशापासून करता येत नाही. येथवर हिशेब पूर्वेच्या बाजूने झुकतो. परंतु नाण्यास दुसरी बाजू आहे. शंभर वर्षे कुंडलिकेच्या काठी जी शेती, जे कारखाने आणि जी गावे या पाण्यावर उभी राहिली त्यांना एकाएकी कोरडे ठेवणे म्हणजे मुळशीचा अन्याय कोकणात पुन्हा करणे होय. ज्याच्या तोंडचे पाणी काढावयाचे त्याला आधी विचारले पाहिजे, एवढा धडा तरी १९२१ ने शिकविला आहे. तो धडा कायद्याच्या पुस्तकात उतरण्यास फार काळ लागला. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा आला, तेव्हा कोठे खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची संमती आणि पुनर्वसन या गोष्टी बंधनकारक झाल्या.

निसर्गाचाही या जमाखर्चात एक रकाना आहे. खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेल्यावर डोंगरउतारांवरील ताण वाढला. शहरांच्या चुलींसाठी या रानांतून लाकडी कोळसा पाडला गेला आणि कित्येक उतार बोडके झाले. जे रान शिल्लक राहिले त्याच्या रक्षणासाठी २०१३ साली सुमारे पन्नास चौरस किलोमीटरांचे ताम्हिणी वन्यजीव अभयारण्य जाहीर झाले. ते पुणे आणि रायगड या दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे. अभयारण्य हे केवळ शेकरूच्या सोयीसाठी असते अशी समजूत असल्यास ती सोडावी. उतारावरची झाडी पावसाचा मारा झेलते, मातीस धरून ठेवते आणि पाणी सावकाश सोडते. झाडी गेली तर माती धुपून जलाशयात बसेल, आणि गाळाने भरलेल्या तलावातून वीजही मिळणार नाही व पाणीही मिळणार नाही. ज्या भक्तीने गावकऱ्यांनी देवराई राखली आणि ज्या गणिताने अभियंत्याने धरण बांधले, त्या दोहोंचे हित शेवटी एकाच झाडाच्या मुळाशी आहे.

पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी पुण्यामुंबईची सहस्रावधी माणसे धबधबे पाहावयास ताम्हिणीच्या घाटात जातात. जाताना त्यांची वाट मुळशीच्या जलाशयाच्या काठाने जाते. निळ्या पाण्याचा तो विस्तार पाहून मन प्रसन्न होते, आणि ते व्हावेही. परंतु त्या पाण्याच्या तळाशी आंबेमोहोराची खाचरे आहेत, आणि त्या पाण्याच्या दुसऱ्या टोकाशी मुंबईचा दिवा आहे, एवढे ठाऊक असलेल्या माणसास ते पाणी अधिक चांगले दिसेल. मागणी मंद असता पाणी वर चढवून ती वाढताच वीज करण्याच्या नव्या योजनांसाठी २०२३ साली राज्य सरकार आणि टाटांची वीज कंपनी यांच्यात करार झाला आहे. शिरवटा आणि भिवपुरी ही त्यांची ठिकाणे. म्हणजे सह्याद्रीच्या उंचीकडे शहरांचे लक्ष पुन्हा वळले आहे. उंची निसर्गाने फुकट दिली आणि पाऊसही फुकट दिला. त्या दोहोंचा उपयोग करताना जी किंमत पडते ती कोणी द्यावयाची, हे आधी ठरवून, ज्यांनी ती द्यावयाची त्यांच्या संमतीने काम केले, तर मुळशीच्या बुडालेल्या गावांचे ऋण अंशतः तरी फिटेल.